चौकातलं कुंपण

चंदीगडच्या कॅपिटॉल कॉम्प्लेक्समध्ये आपल्या मनानं भटकता येत नाही. सेक्टर १ मध्ये हायकोर्टाजवळ पर्यटन विभागाचं एक छोटं माहिती केंद्र आहे. तिथे ओळखपत्र दाखवायचं, रजिस्टरमध्ये नाव-गाव लिहायचं आणि ठरलेल्या वेळी निघणाऱ्या गाईडबरोबर चालू लागायचं. वाटेत बंदूकधारी पहारा असतो. फोटो कुठे काढायचा, कुठे नाही, कुठून मागे फिरायचं, हे सगळं गाईड सांगते. विसाव्या शतकातली ही वास्तुकला पाहायला जगभरातून माणसं येतात आणि प्रत्येकाला त्या एका रजिस्टरमधूनच आत जावं लागतं.

ऑक्टोबरातली दुपारची फेरी मला मिळाली. गटात जयपूरहून आलेले आर्किटेक्चरचे विद्यार्थी होते, लुधियान्याचं एक निवृत्त जोडपं होतं आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक जपानी तरुण होता. आमची गाईड पंचविशीतली मुलगी. विद्यार्थी तिला ‘मॅम’ म्हणत होते, आणि लुधियान्याच्या सरदारजींना ती ‘अंकलजी’. निघताना तिनं तारखांची यादी सांगितली नाही. एका भिंतीपाशी आम्हाला थांबवलं आणि म्हणाली, “पहिल्यांदा हात लावून बघा.”

उन्हानं तापलेलं उघडं काँक्रीट. त्यावर गिलावा नाही, रंग नाही. तळहाताखाली सेंट्रिंगच्या फळ्यांचे सांधे लागत होते, लाकडाच्या रेषा लागत होत्या, कुठे फळी थोडी सरकल्यामुळे आलेला उंचवटा लागत होता. या इमारतींचा वास्तुकार ल कॉर्ब्युझिए याला काँक्रीट असंच हवं होतं, ज्या साच्यात ते ओतलं त्याची खूण अंगावर घेऊन उभं राहिलेलं. इथे तर आणखी एक खूण आहे. या इमारती उभ्या राहिल्या तेव्हाच्या छायाचित्रांमध्ये बायका डोक्यावर घमेली घेऊन उतारावरून चढताना दिसतात. यंत्रं थोडी होती, माणसं पुष्कळ. त्या हातांची नावं कुठेही कोरलेली नाहीत. पण ज्या भिंतीला आपण हात लावतो ती त्यांनी घमेल्या-घमेल्यानं भरलेली आहे, हे त्या मुलीनं पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. ते तिनं सर्वांत आधी सांगितलं, हे मला फार मोलाचं वाटलं.

मग थोडा इतिहास आला. फाळणीत लाहोर गेलं आणि भारतातल्या पंजाबला राजधानी उरली नाही. नव्या शहराचा पहिला आराखडा अमेरिकन नियोजनकार अल्बर्ट मेयर यांचा. त्यांच्याबरोबर मॅथ्यू नोविकी हा अतिशय गुणी तरुण वास्तुकार काम करत होता. १९५० च्या ऑगस्टमध्ये नोविकी विमान अपघातात गेला. त्यानंतर पंजाब सरकारचे पी. एन. थापर आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा नवा वास्तुकार शोधायला युरोपात गेले. १९५१ च्या फेब्रुवारीत ल कॉर्ब्युझिए इथे आला आणि मेयरचा वळणदार आराखडा त्यानं सरळ रेषांच्या जाळ्यात बसवला. ८०० बाय १२०० मीटरचा एक सेक्टर. शाळा, दुकानं, बाग त्याच्या पोटात, मोठी वाहतूक बाहेरून. वाशी-नेरूळमध्ये राहणाऱ्याला सेक्टर म्हणजे काय ते सांगावं लागणार नाही. या सगळ्या जाळ्याच्या उत्तरेला, शिवालिकच्या टेकड्यांसमोर, त्यानं शासनाच्या इमारतींची जागा धरली आणि तिथलं काम स्वतःकडे ठेवलं.

हायकोर्ट यातलं पहिलं, १९५५ सालचं. लांबून त्याचं छतच आधी दिसतं. इमारतीला दोन छतं आहेत. खोल्यांचं छत खाली आणि त्याच्या वर बरंच अंतर सोडून कमानींवर तोललेलं दुसरं. वरचं छत ऊन आणि पाऊस अंगावर घेतं, मधल्या पोकळीतून वारा वाहतो. दर्शनी बाजूला खोल चौकटींची जाळी आहे. सूर्य वर असतो तेव्हा ऊन चौकटीतच अडकतं, काचेपर्यंत पोचत नाही. या ऊन अडवणाऱ्या चौकटींना आर्किटेक्चरची मुलं ब्रीझ-सोलेई म्हणतात. प्रवेशाशी हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन प्रचंड खांब आहेत. सुरुवातीला ते पांढरे होते, रंग नंतर आले. दोन विद्यार्थी खांबाच्या पायथ्याशी उभे राहिले तेव्हा कुठे उंचीचा अंदाज आला. नुसती मान वर करून तो येत नाही.

पण या कोर्टाला पावसाचा त्रास झाला. कोर्टाच्या दालनांचे दरवाजे थेट बाहेर उघडत. वकील, पक्षकार भिजत, उन्हात तापत. मग पुढे व्हरांडा जोडावा लागला. आता त्या व्हरांड्यात काळ्या कोटांची आणि फायलींची इतकी वर्दळ असते की मूळचा चेहरा शोधावा लागतो. एका विद्यार्थ्याला हे फार खटकलं. “डिझाइन बिघडवलं,” तो म्हणाला. मला ते तसं वाटलं नाही. न्याय मागायला आलेल्या माणसाला उभं राहायला सावली हवी, ही मागणी कोणत्याही दर्शनी भागापेक्षा मोठी आहे. आणि तो व्हरांडाही काही परक्यानं लावलेला पत्रा नाही, मूळ इमारतीच्याच भाषेत बोलतो. कोर्टाच्या दालनांमध्ये ल कॉर्ब्युझिएनं रेखाटलेले भिंतभर गालिचे आहेत, काश्मीरच्या विणकरांनी विणलेले. आवाज घुमू नये म्हणून ते भिंतींवर चढवले. कामकाज चालू असल्यामुळे आम्ही ते पाहिले नाहीत.

हायकोर्टाकडे पाठ केली की समोर चौक पसरतो. त्याच्या दुसऱ्या टोकाला विधानसभा. मध्ये साडेचारशे मीटरच्या आसपास काँक्रीटची सपाटी. झाड नाही, मांडव नाही. ऑक्टोबरातसुद्धा पायांना चटका जाणवतो, जूनमध्ये काय होत असेल! या अंतरावर कितीतरी वास्तुकारांनी टीका केली आहे. हिंदुस्तानच्या उन्हात एवढा उघडा चौक कोण ओलांडेल, असा तो प्रश्न आहे आणि तो खरा आहे. पण चालताना दुसरी एक गोष्ट लक्षात येते, ती नकाशात किंवा छायाचित्रात मुळीच कळत नाही. इथे मोटारी दिसत नाहीत. मोटारींसाठीचे रस्ते खोल चर खणून खालून नेले आहेत, म्हणजे वरचा संपूर्ण चौक पायी चालणाऱ्याचा राहावा. त्या चरांतून निघालेल्या मातीचे उंचवटे रचले, शहराच्या बाजूला उभे केले, आणि शहरच नजरेआड केलं. उरतात फक्त या इमारती आणि मागच्या टेकड्या. एवढी उलथापालथ माणसाला चालता यावं म्हणून केलेली.

आणि इथे माणूस चालत नाही. आम्ही दहा-बाराजण सोडले तर त्या अफाट चौकात कुणी नव्हतं. मधूनच कुंपण जातं. एका बाजूला हायकोर्ट, दुसऱ्या बाजूला विधानसभा आणि सचिवालय. ३१ ऑगस्ट १९९५ रोजी सचिवालयाबाहेर बॉम्बस्फोट झाला आणि त्यात पंजाबचे मुख्यमंत्री बिअंत सिंग यांच्यासह अनेकजण मारले गेले. त्या दशकातला पंजाब ज्यांनी पाहिला त्यांना पहारा का वाढला ते समजावून सांगायला नको. लुधियान्याचे सरदारजी तेव्हा नोकरीनिमित्त चंदीगडलाच होते. ते कुंपणाजवळ थांबले, सचिवालयाकडे बघत राहिले, आणि बायकोला पंजाबीत काहीतरी हळू बोलले. गाईडनं त्यांची वाट पाहिली, गटाला पुढे घेतलं नाही.

तो पहारा त्या वेळी गरजेचा होता, याबद्दल मला शंका नाही. पण आता तीसेक वर्षं झाली. नागरिकांनी जमावं, शासनाच्या तीन अंगांमधून मोकळेपणानं जावं-यावं म्हणून केलेला चौक अजूनही ओळखपत्राशिवाय ओलांडता येत नाही. युनेस्कोनं २०१६ मध्ये ल कॉर्ब्युझिएच्या सात देशांतल्या १७ वास्तू जागतिक वारसा यादीत घेतल्या. भारतातून त्यात हे एकच स्थळ आहे. वारसा म्हणून जे गौरवलं त्यात या इमारतींमधली मोकळी जागाही आहे, आणि ती जागा चालल्याशिवाय जिवंत राहत नाही. म्हणून मला ही गाईडबरोबरची फेरी फार महत्त्वाची वाटते. आज या चौकात सामान्य माणसाचं पाऊल पडतं ते केवळ या फेरीमुळे.

चौकाच्या मध्यावर ‘टॉवर ऑफ शॅडोज’ आहे. भिंती नाहीत, फक्त ऊन अडवणाऱ्या चौकटी. सगळा कॉम्प्लेक्स तिरक्या अक्षावर आहे, पण ही वास्तू नेमकी उत्तर-दक्षिण बसवली आहे. तीन बाजूंना चौकटी, उत्तरेची बाजू उघडी, कारण तिकडून ऊन आत येत नाही. सूर्य कुठेही असो, आत सावली. ही इमारत कसल्याही कामाची नाही, ती एक प्रयोगशाळा आहे. आम्ही आत शिरलो आणि सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. जपानी तरुण जमिनीवर बसला आणि वहीत सावल्यांच्या रेषा काढू लागला. गाईडनं त्याला पुरेसा वेळ दिला. ही वास्तू, जवळचा हुतात्म्यांच्या स्मारकाचा उतार, पलीकडची ‘जिओमेट्रिक हिल’ हे सगळं ल कॉर्ब्युझिएच्या कल्पनेतलं. यातलं बरंचसं त्याच्या मृत्यूनंतर, म्हणजे १९६५ नंतर पूर्ण झालं. एक गोष्ट मात्र कधीच झाली नाही: राज्यपालांचा महाल. चौकाच्या माथ्यावर तो उभा राहणार होता. लोकशाहीत राज्यपालाचं घर विधानसभेच्या वरचढ असावं, हे नेहरूंना पटलं नाही आणि तो बेत सोडून दिला गेला. ती जागा अजून रिकामी आहे आणि तिच्यातून टेकड्या सरळ दिसतात. ती रिकामीच राहावी असं मला वाटतं.

भिंतींवर मध्येच उठावदार आकृत्या आहेत: मासा, गोगलगाय, पान, बैल, आणि हात वर केलेला माणूस. लाकडात कोरून त्या साच्यात बसवल्या आणि वर काँक्रीट ओतलं. हात वर केलेला माणूस म्हणजे ‘मॉड्युलॉर’, ल कॉर्ब्युझिएची मोजपट्टी. उंची १.८३ मीटर, वर केलेल्या हाताच्या टोकापर्यंत २.२६ मीटर, आणि दारं-खिडक्या, पायऱ्या, कठडे यांची मापं याच प्रमाणमालेतून काढायची. विद्यार्थी एकेक करून त्या माणसाशेजारी हात उंच करून उभे राहिले. एकही त्याच्या बरोबरीला पोचला नाही. सरदारजी मात्र बरोबर पोचले आणि टाळ्या पडल्या.

विधानसभेच्या दारातलं छत उलट्या बाकाचं आहे, म्हणजे मोठी पन्हळच. पावसाचं पाणी त्यातून वाहून बाजूच्या तळ्यात पडावं अशी रचना. त्याखालचं मोठं दार फ्रान्सकडून भेट आलेलं, ल कॉर्ब्युझिएनं स्वतः एनॅमलमध्ये रंगवलेलं. वर सूर्याचे मार्ग, अयनदिन आणि विषुवदिन. खाली नदी, झाडं, प्राणी. ते दार रोज उघडत नाही, आम्ही बाजूनं गेलो. मोबाईल बाहेर ठेवावे लागले, त्याचा एक फायदा झाला. सगळे नुसते पाहत होते.

आतलं ‘फोरम’ हे दालन म्हणजे या फेरीतलं सर्वांत मोठं देणं. भर उन्हातून वाड्याच्या माजघरात शिरावं तसा गारवा आणि काळोख. डोळे सरावले की उंचच उंच गोल खांब दिसू लागतात, वरून कुठूनतरी झिरपणारा उजेड दिसतो, आणि एक रॅम्प हळूहळू वर जाताना दिसतो. जिना नाही, रॅम्प. चालण्याची गती मंदावते, प्रत्येक पावलाला खांबांची मांडणी बदलते, मागचा खांब पुढच्यामागे लपतो, तिसरा बाहेर येतो. ल कॉर्ब्युझिए इमारतीतल्या चालण्याला रचनेचाच भाग मानत असे. ते पुस्तकात वाचलं होतं. पायांना कळलं ते या रॅम्पवर. आम्ही वर जाऊन पुन्हा खाली आलो तेव्हा गाईडनं विचारलं, “एकदा आणखी?” सगळे पुन्हा निघाले.

मुख्य सभागृह त्या प्रसिद्ध मनोऱ्याच्या पोटात आहे. बाहेरून तो वीजकेंद्राच्या शीतकरण मनोऱ्यासारखा दिसतो आणि त्याची कल्पना आलीही तिथूनच: अहमदाबादला ल कॉर्ब्युझिएनं साबरमतीच्या वीजकेंद्राचे मनोरे पाहिले होते. आत वक्र भिंतींवर रंगीत ढगांच्या आकाराचे फलक लावले आहेत, गोल घुमटासारख्या जागेत आवाज फुटू नये म्हणून. इथे पंजाबची विधानसभा भरते. १ नोव्हेंबर १९६६ ला हरियाणा वेगळं झालं आणि चंदीगड दोघांची राजधानी राहिलं. तेव्हा विधान परिषदेसाठी बांधलेलं पिरॅमिडच्या छताचं दुसरं सभागृह हरियाणाला मिळालं. एकाच छपराखाली दोन राज्यांचे कायदे होतात. एका इमारतीला एवढा राजकीय भार पेलावा लागेल, असं रेखाटताना कुणाच्या मनातही नसेल.

सचिवालय बाहेरूनच पाहिलं. २५४ मीटर लांबीची ती भिंत चौकाची एक बाजू धरून उभी आहे. चौकटींमधून आता एसीचे खोके बाहेर आले आहेत.

शेवटचा टप्पा ‘ओपन हँड’. २६ मीटर उंचीचं हे धातूचं शिल्प वाऱ्याबरोबर फिरतं. द्यायला आणि घ्यायला उघडा असलेला हात, ही ल कॉर्ब्युझिएची कल्पना त्यानं नेहरूंसमोर मांडली होती. त्याच्या हयातीत तो उभा राहिला नाही, १९८५ मध्ये इथल्याच अभियंत्यांनी उभारला. त्याच्या पायाशी जमिनीत उतरलेला एक खोलगट चौक आहे, पायऱ्या आणि बोलणाऱ्यासाठी जागा असलेला. लोकांनी जमून सार्वजनिक प्रश्नांवर बोलावं म्हणून तो केला. आम्ही त्या पायऱ्यांवर बसलो. मुलं मोठमोठ्यानं वाद घालू लागली: व्हरांडा हवा की नको, झाडं लावावीत की नाहीत, कुंपण कधी निघेल. गाईड त्यात उतरली. लुधियान्याच्या बाईसुद्धा उतरल्या, आणि त्या झाडांच्या बाजूनं होत्या. त्या जागेचा उपयोग ज्यासाठी होता त्यासाठीच झाला, आणि तो पर्यटकांनी केला. चंदीगडच्या रहिवाशांना तो रोज करता यायला हवा.

दुसऱ्या दिवशी सेक्टर १९ मध्ये गेले. शहर उभारणीच्या प्रकल्पाचं जुनं कार्यालय आता ल कॉर्ब्युझिए सेंटर आहे. बैठी, साधी इमारत, आत पत्रं, नकाशे, फर्निचर. ल कॉर्ब्युझिए वर्षातून साधारण दोनदा यायचा. शहर दररोज उभं केलं ते इतरांनी. त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे १९६५ पर्यंत इथेच राहिला. इंग्लंडचे मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू तीन वर्षांच्या करारावर आले. त्यांच्या हाताखाली तरुण भारतीय चमू होता: एम. एन. शर्मा, आदित्य प्रकाश, युली चौधरी, जीत मल्होत्रा, बी. पी. माथूर. त्यात ए. आर. प्रभावळकर आणि जे. एस. देठे ही दोन आडनावंही आहेत. आपल्याकडे किती जणांना ही नावं ठाऊक असतील! मला ती तिथे उभं राहून आठवली आणि फार अभिमान वाटला. मराठीत त्यांच्यावर कुणीतरी सविस्तर लिहायला हवं.

तिथून सेक्टर २२. हा सर्वांत आधी वसलेल्या भागांपैकी. जानरे, फ्राय आणि ड्रू यांनी इथे सरकारी कर्मचाऱ्यांची घरं बांधली, शिपायापासून अधिकाऱ्यापर्यंत हुद्द्यानुसार वेगवेगळ्या प्रकारांची. काँक्रीट महाग, म्हणून वीट. उघड्या विटांच्या भिंती, विटांच्याच जाळ्या, खोल छज्जे, छोट्या घरालाही स्वतःचं अंगण. सर्वांत कमी पगाराच्या माणसालाही पाणी, वीज, संडास आणि झोपायला मोकळं आकाश असावं, हा हिशेब त्यात आहे. फ्रायचं किरण सिनेमागृह बाजारात उभं आहे. रस्त्यावर भाज्यांच्या गाड्या होत्या, अंगणात कपडे वाळत होते, आणि कुणाच्या परवानगीशिवाय मी कोपरान् कोपरा फिरले. एका आजोबांनी हटकलं, “क्या देख रहे हो बेटा?” विटांची जाळी म्हटल्यावर त्यांनी फाटक उघडलं आणि जाळीमागची स्वयंपाकघराची खिडकी दाखवली. मे महिन्यात तिथून गरम हवा आत येत नाही, हे त्यांनी पन्नास वर्षांच्या अनुभवानं सांगितलं.

इथे गाईड नाही. फलकही फारसे नाहीत. जानरेच्या चमूनं केलेल्या सागवानी खुर्च्या सरकारी कचेऱ्यांनी भंगारात काढल्या आणि त्या परदेशी लिलावांत प्रचंड किमतीला गेल्या. ही घरंही दुरुस्तीच्या नावाखाली एकेक करून बदलत आहेत. पर्यटन विभागाकडे जाणती, मनापासून सांगणारी माणसं आहेत, हे मी स्वतः पाहिलं. त्यांनी सेक्टर २२ ची एक फेरी सुरू करावी. रजिस्टर नको, ओळखपत्र नको. सकाळी किरण सिनेमापाशी जमायचं, शिपायांच्या घरांपासून सुरुवात करायची, आणि त्या आजोबांसारख्या रहिवाशांना बोलू द्यायचं. पुन्हा माहिती केंद्रात जाऊन अभिप्रायाच्या वहीत मी हे मराठीत आणि हिंदीत, दोन्हींत लिहून ठेवलं आहे.